प्रिंटरची जागा डिस्कला द्या, हबचं नंतर बघू

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडतो. काही चुकलं असेल तर पुढचं उत्तरही त्या मापाने कमी-जास्त करून घ्या.

तालुक्याच्या गावी तुमचं आपले सरकार सेवा केंद्र आहे. डेस्कटॉप एकच. लेझर प्रिंटर कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला जोडलेला. पुढच्या पोर्टला चार तोंडांचं यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी होती आणि त्यावर अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, पातळ स्कॅनर, शिवाय बॅकअपची खिशात मावणारी हार्ड डिस्क. डिस्क टक्-टक् करून गायब व्हायची. अंगठा घेता घेता मशीन बंद पडायचं आणि स्क्रीनवर ‘आरडी सर्व्हिस नॉट रेडी’ (आरडी सर्व्हिस म्हणजे आधारसाठी अंगठ्याचं मशीन चालवणारा प्रोग्राम). दोन हब बदलून झाले. तिसरं सात तोंडांचं, अडॅप्टरवालं आणलं, ते आठ दिवस बरं चाललं. आता लाईट गेली की सगळं एकदम जातं. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पहिला अंगठा कधीच लागत नाही. तुम्ही विचारताय, आता कोणतं हब घेऊ?

तूर्तास कोणतंच नको. बावीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसून माझं मत असं झालंय की हबच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी फार थोड्यांचं हब खराब असतं. तुमच्या तक्रारीत तर तीन वेगळे आजार एकत्र आलेत: पोटाला कमी पडणं, लाईटबरोबर जाणं आणि रिकामं बसल्यावर झोपणं. एका औषधाने तिन्ही जायचे नाहीत.

पहिल्या आजाराचं मूळ तुमच्या प्रिंटरच्या जागेत आहे. सगळ्यात मोठी वस्तू म्हणून त्याला मागचा मानाचा पोर्ट दिलात. सगळेच देतात. पण प्रिंटर भिंतीच्या प्लगवरून स्वतःची वीज घेतो. यूएसबीच्या वायरीतून त्याला फक्त निरोप लागतो, वीज जवळपास लागतच नाही. उलट ती खिशातली डिस्क, पातळ स्कॅनर आणि अंगठ्याचं मशीन यांना दुसरा कुठलाच प्लग नाही. त्यांचा सगळा चारा त्या एका वायरीतून येतो. म्हणजे घरून डबा आणणारा पाटावर बसलाय आणि उपाशी मंडळी बाहेर ओसरीवर. वस्तूचा आकार बघू नका, तिला स्वतःची लाईटची वायर आहे की नाही ते बघा.

आता हिशेब. साधा यूएसबी २.० पोर्ट, बहुतेक काळ्या रंगाचा, ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो. म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३.० चा, साधारणपणे निळा, ९०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे साडेचार वॅट. अडॅप्टर नसलेलं हब स्वतः वीज बनवत नाही. वरून आलेले ५०० घेतं, त्यातले १०० स्वतःसाठी ठेवतं आणि उरलेले चार तोंडांना शंभर-शंभर वाटतं. जुनी हब चार तोंडांचीच का असायची, याचं एक कारण या वाटणीत आहे. शंभरात माऊस चालतो, कीबोर्ड चालतो. पातळ स्कॅनर एकटाच ५०० मागतो. डिस्कची मोटर फिरायला सुरुवात करते त्या एक-दोन सेकंदांत ती अँपिअरच्या आसपास ओढते आणि फिरू लागली की निम्म्याच्याही खाली येते. एकाच्या डब्यात चौघे जेवायला बसले आणि त्यातला एक पैलवान निघाला, तशातली गत.

मग इतके दिवस चाललं कसं, हा रास्त प्रश्न आहे. कारण पोर्ट काटेकोर नसतात. ५०० च्या पुढे गेलं की झटकन तोडणारे पोर्ट कमी. बऱ्याच मदरबोर्डवर दोन पोर्ट मिळून एकच फ्यूज असतो, तोही गरम होऊन अडवणारा आणि थंड झाला की आपोआप सुटणारा. तो बरंच सहन करतो. करंट मिळत राहतो, पण व्होल्टेज खाली बसतं, आणि डिस्कचा जीव व्होल्टेजवर असतो. मोटर उचलायला जाते, व्होल्टेज पडतं, डिस्कमधलं सर्किट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, पुन्हा मोटर उचलायला जाते. ती टक्-टक् म्हणजे हेच. डिस्क खराब झाली म्हणून फेकू नका. मागच्या पोर्टला थेट लावून बघा. तिथेही टक्-टक् करत असेल तर मात्र आधी डेटा वाचवायच्या मागे लागा.

मागच्या पावसाळ्यात एका फोटो स्टुडिओवाल्याच्या मशीनवर मी हे मोजलं होतं. यूएसबीचं छोटं मीटर मिळतं, काहीशे रुपयांचं. पोर्ट आणि वस्तू यांच्या मध्ये लावायचं. मागच्या पोर्टवर नुसतं ५.०८ व्होल्ट. पुढच्या पोर्टवर ४.९६. पुढच्या पोर्टला हब, हबवर स्कॅनर चालू, तर शेजारच्या तोंडावर ४.७१. त्या तोंडात डिस्क लावली. आकडा ४.३ पर्यंत घसरला, मीटरचा दिवा मंद झाला, टक् असा आवाज आला आणि आकडा परत ४.७. पुन्हा घसरला, पुन्हा टक्. मालक शेजारी उभा होता. म्हणाला, “हे तर आमच्या मोटरसारखं झालं, उन्हाळ्यात उचलतच नाही.” अगदी तेच. मग प्रिंटरची वायर काढून हबवर टाकली आणि डिस्क मागच्या निळ्या पोर्टला लावली. चालू होताना ४.९ च्या खाली गेलं नाही. खर्च शून्य. चहा त्याचाच.

पुढच्या पोर्टवर कमी का दिसतं? कॅबिनेटच्या आत मदरबोर्डपासून पुढच्या पट्टीपर्यंत हातभर वायर जाते, आणि स्वस्त कॅबिनेटमध्ये ती केसासारखी बारीक असते. वायरीचा हा मुद्दा लोक सोडूनच देतात, म्हणून आकड्यात सांगतो. २८ गेजची तार मीटरला सुमारे ०.२१ ओहम असते. वीज जाते आणि परतही येते, त्यामुळे १.८ मीटरच्या वायरीत पाऊण ओहमच्या वर भरतं. अर्धा अँपिअर ओढला तर ०.३८ व्होल्ट वायरीतच जिरले, एक अँपिअरला पाऊण व्होल्ट. ५ चे सव्वाचार उरले, आणि डिस्कने मान टाकली. त्याच लांबीची २४ गेजची तार असेल तर एक अँपिअरला ०.३ व्होल्टच जातात. चांगल्या वायरीवर गेज छापलेलं असतं. वीज वाहणाऱ्या तारांचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. डिस्कसोबत आलेली वीतभर वायर आखूड आहे म्हणून बाजूला ठेवून लांब वायर लावणारे मला दर महिन्याला भेटतात. कंपनीने ती आखूड ठेवली ती कंजूषपणाने नव्हे.

तुमच्या केंद्रात असं करा. डिस्क मागच्या निळ्या पोर्टला, तिच्याच आखूड वायरीने. अंगठ्याचं मशीन मागच्याच दुसऱ्या पोर्टला थेट. वायर काउंटरपर्यंत पोहोचत नसेल तर एक्स्टेन्शन लावण्याआधी कॅबिनेट हातभर पुढे सरकवा, टेबल काही देवघर नाही. प्रिंटर, वेबकॅम आणि स्कॅनर अडॅप्टरवाल्या हबवर. आणि त्या हबची वरची वायर पुढच्या पोर्टऐवजी मागे. कीबोर्ड-माऊस कुठेही.

आता दुसरा आजार, लाईटचा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैजेवर सांगतो: कॉम्प्युटर आणि मॉनिटर यूपीएसवर आहेत आणि हबचा अडॅप्टर भिंतीवरच्या बोर्डात. यूपीएसला मागे दोन-तीन सॉकेट असतात, ती आधीच भरलेली, मग अडॅप्टर मिळेल तिथे जातो. लाईट गेली की कॉम्प्युटर चालूच राहतो, त्यामुळे माणसाला वाटतं सगळं सुरक्षित आहे. इकडे हबचा प्राण गेलेला असतो. काही हब अशा वेळी कॉम्प्युटरकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या विजेवर उतरतात, काही सरळ बंद पडतात. दोन्हीत त्यावरच्या वस्तू एकदा तुटतात आणि विंडोजला त्या नव्याने ओळखाव्या लागतात. अंगठ्याच्या मशीनचं आरडी सर्व्हिस अशा वेळी बावचळतं. वस्तू परत आली तरी सर्व्हिस तिची दखल घेईलच असं नाही, म्हणून तुम्हाला रीस्टार्ट करावं लागतं. आणि त्याच क्षणी डिस्कवर बॅकअप चालू असेल तर फाईल अर्धवट लिहून राहते. अंगठा पुन्हा घेता येतो. मार्चअखेरीच्या दाखल्यांचा बॅकअप पुन्हा मिळत नाही.

हबचा अडॅप्टर यूपीएसवर घ्या. सॉकेट शिल्लक नसेल तर यूपीएसच्या एका सॉकेटवर छोटा बोर्ड काढा. दहा-वीस वॅटचा बोजा यूपीएसला कळणारही नाही. फक्त त्या बोर्डावर लेझर प्रिंटर कुणी लावणार नाही याची काळजी घ्या. कागद भाजताना तो शेकडो वॅट एकदम ओढतो आणि ६०० व्हीएचा साधा यूपीएस तिथेच शिट्टी वाजवत बसतो. यूपीएस नसून घरगुती इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या मागे ‘यूपीएस’ मोडचं बटण असतं, ते त्या बाजूला आहे का बघा. दुसऱ्या बाजूला असेल तर बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात हब पडतं.

अडॅप्टरवर काय छापलंय तेही वाचा. तुमच्या अडॅप्टरवर ५ व्होल्ट २ अँपिअर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे सगळे मिळून १० वॅट. हब यूएसबी ३.० चं असेल तर सात तोंडांना ९०० प्रमाणे ६.३ अँपिअर लागायला हवेत. खोक्यावर सात लिहिलंय आणि आत सोय दोघा-तिघांची. सातही तोंडं एकदम पूर्ण ओढत नाहीत हे खरं, त्यामुळे डिस्क मागे गेल्यावर तुम्हाला हे २ अँपिअर पुरतील. उद्या दुसरा स्कॅनर आला तर पुरणार नाहीत. तेव्हा ५ व्होल्ट ४ अँपिअरचा अडॅप्टर घ्या. पिन तीच, प्लस-मायनसची खूण तीच, व्होल्ट अगदी तेच, अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही. त्यावर आयएस १३२५२ आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी नंबर छापलेला असावा. आपल्याकडे अशा अडॅप्टरना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. नंबर नसलेला अडॅप्टर निम्म्या किमतीत मिळतो, आणि तो निम्माच असतो.

व्होल्ट तेच, हे मी उगाच ठासून सांगत नाही. एका क्लासच्या ऑफिसात सुट्टीत साफसफाई झाली. सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या. वायफायच्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर हबला गेला आणि हबचा ५ चा राउटरला. पिन दोघांची सारखीच, काळा रंग सारखाच. राउटर नुसता चालू झाला नाही, एवढंच. हबमध्ये मात्र धूर. सोबत माऊस गेला, स्कॅनर गेला, आणि त्या हबमधून वीज उलटी चढल्यामुळे मदरबोर्डचे दोन पोर्ट कायमचे मेले. हब चारशेचं, नुकसान सात हजारांचं. तेव्हापासून दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक हबच्या भोकावर आणि त्याच्या अडॅप्टरच्या पिनेवर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो. लालला लाल. बाटली बायकोची, ती आता नवी बाटली आणताना दोन आणते.

वीज उलटी चढणं हा स्वस्त हबचा खरा दोष आहे. अडॅप्टरची वीज खाली वस्तूंकडेच जायला हवी, वर कॉम्प्युटरकडे नाही. नियमही तसाच आहे. ते अडवणारा भाग पाच-दहा रुपये वाचवायला काही जण घालतच नाहीत. परीक्षा सोपी. कॉम्प्युटर बंद करा, कॅबिनेटच्या मागचं काळं बटणही बंद करा, पाच मिनिटं थांबा. हबचा अडॅप्टर चालू ठेवून हबची वायर कॉम्प्युटरला जोडलेलीच असू द्या. आता कॅबिनेटवर, माऊसखाली किंवा कीबोर्डवर एखादा दिवा मिणमिणत असेल, नाहीतर पंखा किंचित थरथरत असेल, तर ती वीज हबमधून येतेय. हे दिसलं तर मात्र नवं हब घ्या, आणि जुनं कुणाला फुकटही देऊ नका. मागचं बटण बंद करायचं विसरू नका, कारण कॉम्प्युटर नुसता शटडाऊन केला तरी मदरबोर्डवर ५ व्होल्टची राखीव वीज चालू असते आणि तिच्यावरही माऊसचा दिवा पेटलेला राहू शकतो.

तिसरा आजार जेवणाच्या सुट्टीचा. हा विजेच्या तुटवड्याचा नाही, विंडोजच्या काटकसरीचा आहे. काही वेळ वस्तू वापरली नाही की विंडोज तिला झोपवतं. माऊस हलवला की जागा होतो. अंगठ्याची काही मशीन जागी होताना धडपडतात. डिव्हाइस मॅनेजर उघडा, तळाशी यूएसबी कंट्रोलर्सची यादी आहे, त्यातल्या प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’वर दोनदा क्लिक करून ‘पॉवर मॅनेजमेंट’च्या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी जी टिक आहे ती काढा. मग कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. डेस्कटॉपला याने महिन्याला चहाइतकाही फरक पडत नाही. विंडोजचं मोठं अपडेट झालं की दोन्ही परत एकदा बघा, कधीकधी टिक परत आलेली असते.

त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये काही मशीनवर हबखाली कोणती वस्तू किती मिलिअँपिअर मागते ते दिसतं. ते बघा, पण त्याला मोजमाप समजू नका. तो वस्तूने स्वतःहून सांगितलेला कमाल आकडा असतो. पेनड्राइव्ह ३०० सांगून १०० खातो, आणि तो यूएसबीचा टेबलपंखा काहीच न सांगता खातो.

खाणाऱ्यांवरून आठवलं. तुमच्या काउंटरवर लोक म्हणतात का, “साहेब, जरा मोबाईल लावू का, दोनच टक्के राहिलंय”? म्हणत असणारच. सातबारा काढायला आलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही. मग तो मोबाईल हबच्या मोकळ्या तोंडात जातो, अर्धा अँपिअर खात बसतो आणि शेजारचं अंगठ्याचं मशीन लटपटतं. काउंटरवर वेगळा चार्जर लावून ठेवा, हबपासून लांब. हबची रिकामी तोंडं टेपने बंद करा. अनोळखी मोबाईल आणि पेनड्राइव्ह त्या कॉम्प्युटरला न लागणं तसंही बरं, त्यावर लोकांची कागदपत्रं आहेत.

वायरलेस माऊस वापरत असाल तर एक छोटी गोष्ट. त्याचं नखाएवढं रिसिव्हर निळ्या पोर्टमध्ये डिस्कच्या शेजारी लावू नका. यूएसबी ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, आणि माऊस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून छापलं होतं. रिसिव्हर काळ्या पोर्टला घाला, माऊस अडखळायचा थांबेल.

अर्थिंगचंही बघून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला मनगटाची आतली बाजू लावली तर मुंग्या येतात का? येत असतील तर तिथे थांबा आणि वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्ट, हे त्याने मीटरवर दाखवलं पाहिजे. अर्थिंग नसेल तर प्रिंटरची वायर जोडताना बारीक ठिणगी उडते आणि एखाद्या दिवशी पोर्ट घेऊन जाते. सगळी दुरुस्ती करून पंधरा दिवसांत परत आलेली मशीन मी पाहिलीत, दोष भिंतीत होता.

हबला हब जोडायचा मोह होईल. नियमाप्रमाणे कॉम्प्युटर आणि वस्तू यांच्यात पाच हब चालतात, पण बऱ्याच सात तोंडी हबमध्ये आत चार-चार तोंडांच्या दोन चिप एकीवर एक जोडलेल्या असतात, म्हणजे तुम्ही एक लावलं तरी दोन मोजले जातात. प्रत्येक तोंडाला बटण असलेली हब येतात, ती मला आवडत नाहीत. वर्षभरात बटणाचा संपर्क झिजतो आणि तिथेच व्होल्टेज सांडतं.

आज संध्याकाळी केंद्र बंद केल्यावर तीनच कामं करा: डिस्क आणि प्रिंटरची अदलाबदल, अडॅप्टर यूपीएसवर, आणि ती टिक. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू असताना भिंतीवरचं यूपीएसचं बटण मुद्दाम बंद करून बघा, अर्थात बॅकअप चालू नसताना. हबचे दिवे हलले नाहीत तर तो भाग सुटला. आठ दिवस असंच चालू द्या. तरीही अंगठ्याचं मशीन पडलंच, तर मीटर आणून तीन आकडे लिहून पाठवा: ते ज्या पोर्टला आहे तिथलं नुसतं व्होल्टेज, मशीन लावल्यावरचं, आणि अंगठा ठेवलेला असतानाचं. सोबत ते नेमकं किती वाजता पडलं आणि त्या वेळी टेबलावर आणखी काय चालू होतं, एवढं.